अर्वलचा पाव

मागच्या दारावर टकटक झाली तेव्हाच थॉमसिनला कळायला हवं होतं. हॉलिन गार्थचं मागचं दार कोणी वाजवत नसे. लोक सरळ आत येत, चिखलाचे बूट उंबऱ्याशी काढत आणि किटली चुलीवर आहे का ते आधी बघत. जॉन्टी रेन तर असा शिरायचा की घर जणू त्याच्या बापाचं. पण आज दार वाजवणारा जॉन्टीच होता. टोपी काढून छातीशी धरलेली, दाढी केलेली, आणि चेहरा पाडलेला.

"काय रे, दार कसलं वाजवतोस? आत ये की," ती म्हणाली. ती आयझॅकचे लोकरी मोजे धूत होती. ते आता कोण घालणार हा विचार तिने मनात येऊ दिला नव्हता.

जॉन्टी आत आला नाही. त्याने घसा खाकरला आणि तिच्या डोक्यावरच्या चौकटीकडे बघत पाठ म्हणावं तसं म्हणाला, "हॉलिन गार्थचे आयझॅक बर्केट वारले. शुक्रवारी सकाळी देह घरातून निघेल. तुम्हाला येण्याचं बोलावणं आहे."

मोजा तिच्या हातातून पाण्यात पडला.

या खोऱ्यातल्या प्रत्येक घराला शेजारच्या घरांचं एक कडं असतं. त्याला लेटिंग म्हणतात. जन्म असो, लग्न असो, मरण असो, एक माणूस त्या कड्यातल्या दारोदार जाऊन बोलावणं सांगतो. बोलावणं आलं की वाळत घातलेलं गवत तसंच टाकून निघायचं, भांडण असलं तरी निघायचं. ज्याला बोलावलं नाही तो पुढे नातवंडांपर्यंत ते विसरत नाही. पण घरच्या माणसाला मात्र कोणी कधी बोलावत नाही. स्वतःच्याच घरी या म्हणून कोण कोणाला सांगतं?

"कोणी सांगितलं तुला?" थॉमसिनने विचारलं.

"विल्फ्रेडने." जॉन्टीने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काल संध्याकाळी फाटकापाशी उभं राहून एकेक घर सांगितलं. थ्रँग एंड, लो बेक, स्वार्थ हाउ. आणि मग म्हणाला, थॉमसिनलाही सांगा."

"आणि तू आलास सांगायला."

"मी काय करणार गं? बोलावणं सांगणाऱ्याचे फक्त पाय असतात. तोंड दुसऱ्याचं."

"एरवी नसतं वाटतं तुझं तोंड दुसऱ्याचं? मेंढ्यांच्या बाजारात तर सगळ्या खोऱ्याला ऐकू जातं."

"बोल, बोल. मी सकाळपासून माझं मलाच बोलतोय." जॉन्टीचे डोळे ओले झाले होते, आणि तो म्हाताऱ्या माणसासारखा ते वाऱ्यावर ढकलू पाहत होता. "चहा नको विचारूस. आज तुझ्या हातचा चहा मला जाणार नाही."

तो गेला. तिने मोजा पाण्यातून काढला, पिळला, चुलीवरच्या दांडीवर टाकला.

थॉमसिन एअरी या घरात आली ती सतरा वर्षांची, चाकरीच्या बाजारातून. बर्केटची बायको मार्गारेट तेव्हाच अंथरुणाला खिळलेली होती. तिचं सगळं थॉमसिनने केलं, अगदी शेवटपर्यंत. मार्गारेट गेल्यावर ती निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तिलाही. पण तेव्हा मेंढ्या व्यायचे दिवस होते आणि मग गवत कापणीचे, आणि मग निघायचा विषय कोणी काढलाच नाही. खोऱ्यात काही दिवस कुजबूज झाली. पुढे लोकांना कुजबुजायला दुसरं काहीतरी मिळालं. आयझॅक अबोल माणूस होता. जे काय बोलायचा त्यातलं निम्मं कुत्र्याला उद्देशून असायचं. त्याने तिला लग्नाचं विचारलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. ती घरची होती की नव्हती हे दोघांनी कधी बोलून ठरवलं नव्हतं. आता मंगळवारी तो मेला होता, आणि ते त्याच्या पुतण्याने, विल्फ्रेडने, फाटकापाशी उभं राहून ठरवलं होतं.

विल्फ्रेड वाईट माणूस नव्हता. तसं असतं तर सोपं झालं असतं. लहानपणी तो इथे सुट्टीला यायचा, थॉमसिनच्या हातचं खायचा, गुडघे फोडून तिच्याकडेच रडत यायचा. आता केंडलला त्याचं कापडाचं दुकान होतं, गळ्याला ताठ कॉलर होती आणि एडिथ नावाची बायको होती. एडिथचा भाऊ पर्सी कोंबड्यांच्या धंद्यात बुडाला होता, आणि मोकळ्या हवेत त्याचं भलं होईल असं एडिथचं मत होतं. ती मोकळी हवा म्हणजे हॉलिन गार्थ. थॉमसिनसाठीही विल्फ्रेडने विचार करून ठेवला होता. दुकानावरची खोली. "खिडकी रस्त्याकडे उघडते," त्याने तिला आनंदाने सांगितलं होतं. "तुला गंमत वाटेल बघ, माणसं येताना-जाताना दिसतात."

जमीन कोणाचीच नव्हती म्हणा. खोऱ्यातल्या सगळ्या जमिनींसारखी तीही एका बड्या इस्टेटीची. कूळ मेलं की इस्टेटीचे कारभारी गार्नेट अंत्यविधीला यायचे, कोपऱ्यात उभं राहून पाव खायचे, बिअर प्यायचे आणि म्हाताऱ्यांना हळूच विचारायचे, "आता इथे कोण?" लेटिंगची घरं ज्याचं नाव घेतील तो पुढचं कूळ. पण लेटिंग नाव घेणार ते घरच्या माणसाचं. पाहुणी म्हणून बोलावलेल्या बाईचं कोण घेईल? एका बोलावण्याने विल्फ्रेडने सगळं मिटवून टाकलं होतं, आणि आपण ते मिटवलंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

गुरुवारी ती अर्वलचे पाव करायला बसली. मेलेल्या माणसाच्या घरून परतताना प्रत्येक पाहुण्याच्या हातात गव्हाचा एक छोटा पाव द्यायचा असतो, घरी न्यायला. तोच अर्वलचा पाव. खोऱ्यातल्या कितीतरी अंत्यविधींचे पाव थॉमसिनने भाजले होते. हेही भाजणार होती. पाहुणी असले तरी आयझॅकचे पाव दुसऱ्या कोणाला मळू देणार नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

दुपारी धाकटे पाद्री मिस्टर टिंडल आले. हा दक्षिणेकडचा तरुण, हडकुळा, नेहमी भुकेलेला. त्याला जुन्या शब्दांचं वेड होतं. घरोघरी जाऊन तो बसायचा आणि तुम्ही याला काय म्हणता, त्याला काय म्हणता, असं विचारत राहायचा. म्हाताऱ्यांनी सुरुवातीला त्याला चारदोन शब्द मनचे बनवून दिले होते. त्याने त्यांची मुळं शोधली, ती सापडली नाहीत, तेव्हा हसत हसत ते शब्द ज्याचे त्याला परत नेऊन दिले. तेव्हापासून खोऱ्यात त्याला मान होता. दोन हिवाळे पाहिलेल्या मेंढीला ट्विंटर का म्हणतात हे त्याने सांगितलं तेव्हा जॉन्टी तोंड उघडून बघत राहिला होता. सोपं होतं: दोन विंटर. जॉन्टी जन्मभर तो शब्द बोलत आला होता आणि त्याने तो कधी उघडून पाहिला नव्हता.

"बसा," थॉमसिन म्हणाली. "तिकडे ओटकेक आहे. लोणी बेताने घ्या."

मिस्टर टिंडलनी लोणी बेताने घेतलं नाही. थोडा वेळ ते तिला मळताना बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या पर्सी नावाचे गृहस्थ येणार म्हणे. घर बघायला."

"येऊ दे. सॅकलेस मेला."

"सॅकलेस!" पाद्रीबुवा ताठ बसले. "याचा अर्थ तुम्ही काय करता?"

"ज्याच्या हातून काही होत नाही असा. नेभळट. कोंबडीसुद्धा सांभाळता न येणारा."

"मुळात तसा नव्हता हो. मुळात सॅक म्हणजे आरोप, गुन्हा. सॅकलेस म्हणजे ज्याच्यावर काही आरोप नाही असा. निष्पाप."

थॉमसिनने कणकेचा गोळा पालथा घातला. "म्हणजे निष्पाप माणूस हळूहळू निकामी ठरला."

"सहाशे-सातशे वर्षांत, हो."

"इथे त्याला एक आठवडा पुरतो," ती म्हणाली.

टिंडलना ते कळलं नाही, किंवा कळून न कळल्यासारखं केलं. त्यांनी दुसरा ओटकेक उचलला. "मी खरं म्हणजे तुम्हाला तुमचाच शब्द सांगायला आलोय. अर्वल. किती दिवस त्याच्या मागे होतो. आमच्या थोरल्या पाद्रींना, रेक्टरसाहेबांना, वाटायचं तो लॅटिन असणार, त्यांना सगळंच लॅटिन वाटतं. तो समुद्रापलीकडचा आहे, होड्यांत बसून आलेल्या लोकांचा. ज्यांनी ही खोरी वसवली, ज्यांनी ओढ्याला बेक नाव दिलं, त्यांचा. अर्व म्हणजे वारसा. आणि पुढचा तुकडा म्हणजे एल, आपली बिअर. वारशाची बिअर."

"मग पाव?"

"पाव तिच्याबरोबरचा. बघा ना, किती छान आहे. त्यांच्याकडे कागद नव्हते. माणूस मेला की शेजारची घरं बोलवायची. लेटिंगचा मूळ अर्थही बोलावणंच आहे. ती घरं जमली की वारस सगळ्यांसमोर उभा राहायचा आणि आपल्या हाताने प्रत्येकाला खायला-प्यायला द्यायचा. ज्याने ते घेतलं त्याने मान्य केलं की हाच वारस. उद्या कोणी भांडायला आला तर सगळे साक्षीदार. म्हणजे पाव हाच कागद!" आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले.

थॉमसिनचे हात कणकेतच थांबले होते.

"आणि देणारा वारस नसला तर?"

"तर?" टिंडल अजून हसतच होते. "तर ज्यांनी खाल्लं त्यांनी त्याला वारस करून टाकलं असंच म्हणायला..." वाक्य संपायच्या आत त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तिच्या कोपरापर्यंत पिठाने भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग ओटकेककडे पाहिलं. "मिस एअरी, मी आपला शब्दाविषयी बोलत होतो."

"मीही शब्दाविषयीच विचारलं."

आणि नशीब असं की नेमका तेव्हाच विल्फ्रेड आत आला. कॉलर सैल केलेली, कपाळावर घाम. "थॉमसिन, तुझ्यावर एक काम टाकतोय. उद्या पाव तूच वाट. देताना घराचं आणि माणसाचं नाव घ्यावं लागतं ना? मला कुठली येणार ती नावं. एडिथला तर हे सगळंच... तू वाटशील ना?"

टिंडल छताच्या तुळया मोजत होते.

"वाटेन," थॉमसिन म्हणाली.

विल्फ्रेडचा जीव भांड्यात पडला. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो गेला. पाद्रीबुवाही लगेच उठले. त्या दिवशी प्रथमच त्यांच्या बशीत ओटकेक उरला.

घर तिला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पिळताना तिने ते स्वतःशी स्पष्ट कबूल केलं. या गोठ्याचा वास हवा होता, वरच्या कुरणातल्या मेंढ्या हव्या होत्या, ओढ्याचा आवाज हवा होता. रस्त्याकडे उघडणारी खिडकी तिला मरणासारखी वाटत होती. आणि ते सगळं मिळवायला तिला काहीच करायचं नव्हतं. नेहमीसारखी टोपली घ्यायची, नेहमीसारखी नावं घ्यायची. नंतर कधीतरी टिंडल गार्नेटना तो शब्द समजावून सांगतील. शब्द समजावल्याशिवाय त्यांना राहवतच नाही. पण मग तिला विल्फ्रेडचे ते फुटलेले गुडघे आठवले, आणि काल खांद्यावर पडलेला त्याचा घामट हात. ज्याला आपण काय देतोय हे ठाऊक नाही त्याच्याकडून घ्यायचं, याला तिच्या भाषेत एकच शब्द होता आणि त्याचं मूळ शोधायला पाद्री लागत नव्हता. "छे," ती गाईला म्हणाली, आणि गाईने शेपूट मारलं.

आयझॅकला लेटिंगच्या माणसांनी खांद्यावरून चर्चला नेलं आणि जमिनीत ठेवलं. परतल्यावर सगळे पुढच्या खोलीत जमले. हॅम होतं, चीज होतं, घरची बिअर होती. कोपऱ्यात गार्नेट उभे होते. पर्सी खिडकीपाशी उभा राहून खिडकीचं लाकूड नखाने खरवडून बघत होता. बोलणं संपत आलं तशी माणसं दारापाशी गोळा झाली, आणि थॉमसिनने पावांची टोपली उचलली.

पहिली उभी होती थ्रँग एंडची बेटी अ‍ॅटकिन्सन. तिने हात पुढे केला. थॉमसिनने पाव दिला नाही.

"विल्फ्रेड," ती म्हणाली. "तू मला काय करायला सांगितलंस ते तुला माहीत आहे का?"

"पाव वाटायला," विल्फ्रेड गोंधळून म्हणाला.

"अर्वल म्हणजे वारशाची बिअर. हा पाव वारसाने आपल्या हाताने द्यायचा असतो. जो घेतो तो म्हणतो की हाच या घराचा वारस. मला परवापर्यंत माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. काल कळलं. मिस्टर टिंडलना विचार."

सगळ्या माना टिंडलकडे वळल्या. त्यांच्या तोंडात हॅम होतं. ते त्यांनी गिळलं. "अं... शब्दाचा अर्थ तसाच आहे," ते म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना शब्दांचा पहिल्यांदाच कंटाळा आलेला दिसला.

"मला सांगितलंयस म्हणून मी देऊ शकते," थॉमसिन म्हणाली. "पण माहीत असून सांग. नाहीतर तू दे."

"काय बाई ही खुळं!" एडिथ म्हणाली. "पाव तो पाव. घे रे टोपली, संपवून टाक."

कोपऱ्यात गार्नेटनी ग्लास खाली ठेवला. विल्फ्रेडचा चेहरा कॉलरपासून वर लाल होत गेला. त्याने बायकोकडे पाहिलं, पर्सीकडे पाहिलं. मग तो पुढे आला आणि थॉमसिनच्या हातून टोपली घेतली.

"असं असेल तर मीच द्यायला हवा," तो म्हणाला.

मागे जॉन्टी रेनने डोळे मिटून घेतले. थॉमसिनचे हात रिकामे झाले होते आणि ते कुठे ठेवावेत हे तिला कळेना. तिने खरं बोलून घर घालवलं होतं, आणि त्याचं समाधान वगैरे तिला काही झालं नाही.

विल्फ्रेडने पाव उचलला, बेटीपुढे धरला, आणि तोंड उघडलं. उघडंच राहिलं. बेटी वाट बघत होती. नाव घेतल्याशिवाय दिलेला पाव म्हणजे कुत्र्याला टाकलेला पाव. तो कोणी घेत नाही, आणि न घेतला तर मेलेल्याची अब्रू जाते. थॉमसिनने एवढ्या वर्षांत आयझॅकच्या घरातून कोणाला विन्मुख जाऊ दिलं नव्हतं.

"बेटी अ‍ॅटकिन्सन, थ्रँग एंड," ती त्याच्या खांद्यामागून हळूच म्हणाली. "नवऱ्याचा पाय कसा आहे ते विचार."

"बेटी अ‍ॅटकिन्सन, थ्रँग एंड," विल्फ्रेड म्हणाला. "नवऱ्याचा पाय कसा आहे?"

"आहे तसाच आहे," बेटीने जमिनीकडे बघत पाव घेतला.

"लो बेकचे डेव्हिड मौन्सी. त्यांना दोन दे. एक बहिणीसाठी, ती उठत नाही."

विल्फ्रेडने दोन दिले. मग स्वार्थ हाउचे हार्कर बंधू आले, दोघे एकदम, एकमेकांकडे पाठ करून. विल्फ्रेडने त्यांच्यामध्ये एक पाव धरला. दोघांनीही त्याच्याकडे बघितलं नाही.

"दोन," थॉमसिन पुटपुटली. "एका घरात राहतात पण मध्ये भिंत घातली आहे. थोरल्याला आधी दे. आणि 'स्वार्थ हाउ' दोनदा म्हण, नाहीतर धाकटा जाणार नाही."

विल्फ्रेडने दोनदा म्हटलं. कोणीतरी खोकल्यात हसू लपवलं. त्याच्या कपाळावर पुन्हा घाम आला होता. बिचारा प्रत्येक वेळी मान वळवून थॉमसिनकडे बघत होता, लहानपणी पाढे म्हणताना बघायचा तसाच.

पुढची होती अ‍ॅग्नेस थ्वेट. तरुण, अंगावर आयझॅकसाठी घातलेला नव्हे तर आधीपासूनचा काळा पोशाख.

"अ‍ॅग्नेस थ्वेट, इंटेक." थॉमसिनचा आवाज खाली गेला. "हिला दोन्ही हातांनी दे. हिचं बाळ हिवाळ्यात गेलं."

विल्फ्रेडने टोपली कोपरात अडकवली आणि दोन्ही हातांनी पाव पुढे केला. "अ‍ॅग्नेस थ्वेट, इंटेक."

अ‍ॅग्नेसने पाव घेतला नाही. तिने त्याला एक प्रश्न विचारला, आणि त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"तेव्हा इथून आयझॅकमामा आले होते, बर्फातून, आणि ही थॉमसिन. बाळाची पेटी उचलायला त्या दिवशी दुसरं कोणी पोचू शकलं नव्हतं. पुढच्या वेळी जॉन्टी बोलावणं घेऊन निघाला, तर तो केंडलला यायचा का? तुम्ही याल का?"

विल्फ्रेडने उत्तर द्यायला तोंड उघडलं. "म्हणजे... शनिवारचा दिवस सोडून... शनिवारी दुकानात..." तो थांबला. त्याने पर्सीकडे पाहिलं. पर्सी अजून खिडकीचं लाकूड तपासत होता. मग विल्फ्रेडने हातातल्या पावाकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती लाली हळूहळू उतरली.

तो वळला. त्याने पाव टोपलीत ठेवला आणि टोपली थॉमसिनच्या हातात दिली.

"विल्फ्रेड!" एडिथ म्हणाली.

"घर मला वारशात घेता येईल, एडिथ. ही माणसं मला घेता येणार नाहीत. मला यांची नावं मागून सांगावी लागतायत." मग तो थॉमसिनकडे बघून मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता माहीत असून सांगतोय. तू दे."

"नीट विचार करून बोलतोयस ना?"

"घे गं बाई, अ‍ॅग्नेस ताटकळलीय."

थॉमसिनने पाव उचलला. दोन्ही हातांनी. "अ‍ॅग्नेस थ्वेट, इंटेक," ती म्हणाली, आणि अ‍ॅग्नेसने तो घेतला आणि छातीशी धरला. बेटी अ‍ॅटकिन्सन दारातून मागे फिरली. ती न बोलता रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, आणि तिच्यामागे डेव्हिड मौन्सी, आणि काही अंतर राखून दोन्ही हार्कर. विल्फ्रेडकडून घेतलेले पाव त्यांनी टोपलीत परत ठेवले आणि पुन्हा घेतले, या वेळी तिच्या हातून. जॉन्टीने पाव घेऊन टोपीत ठेवला. सगळ्यांत शेवटी गार्नेट आले. त्यांनी पाव घेतला, तिथेच मोडला, एक तुकडा तोंडात टाकला.

"नाव कसं लिहायचं?" त्यांनी विचारलं. "बर्केट?"

"एअरी," थॉमसिन म्हणाली. "थॉमसिन एअरी. बर्केट मी कधी नव्हते."

गार्नेटनी मान हलवली. टोपलीत एक पाव उरला होता आणि समोर एक माणूस. थॉमसिनने त्याच्याकडे पाहिलं. हा मुलगा तिने वाढवला नव्हता, पण वाढताना पाहिला होता.

"विल्फ्रेड बर्केट, केंडल," ती म्हणाली.

विल्फ्रेडने टोपी काढली आणि पाव घेतला. "केंडल तुमच्या लेटिंगच्या बाहेर आहे," तो म्हणाला.

"तुझ्यापर्यंत जॉन्टी चालत येईल. मी सांगेन त्याला."

"आलं का माझ्या पायांवर!" जॉन्टी मागून म्हणाला, आणि लोक हसले. एडिथने हातमोजे घालायला सुरुवात केली.

थॉमसिनने रिकामी टोपली टेबलावर ठेवली. मंगळवारपासून ती रडली नव्हती. पाहुणे रुमालात रडतात, चाकर माणूस मागच्या खोलीत जाऊन रडतं, आणि या दोन्हींतलं काहीही तिला करायचं नव्हतं. आता ती पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या देखत, भिंतीशी असलेल्या बाकावर बसली आणि आयझॅकसाठी मोठ्याने रडली, घरची माणसं रडतात तशी. कोणी तिला गप्प केलं नाही.